एसीच्या नॉबमागचे तीन दिवे

गेल्या जुलैत एका रविवारी रात्री आम्ही माणगावहून ताम्हिणीमार्गे पुण्याला परत येत होतो. निजामपूर आणि विळे मागे पडले, घाट सुरू झाला आणि पाच मिनिटांत समोरच्या काचेवर आतून वाफ धरू लागली. गाडीत चार माणसे, पायाखाली भिजलेल्या छत्र्या, मागे ओल्या टॉवेलांची पिशवी आणि बाहेर आडवा पाऊस असताना वाफ धरली नसती तरच नवल. अशा वेळी काय करायचे ते मला ठाऊक होते. एसी चालू ठेवायचा, आतलीच हवा फिरवण्याऐवजी बाहेरची हवा आत घ्यायची, झोत काचेवर वळवायचा आणि तापमानाचा नॉब निळ्याच्या टोकावर न ठेवता थोडा तांबड्याकडे सरकवायचा. एसीतून जाताना हवेतला ओलावा निघून जातो आणि ती कोरडी, कोमट हवा काचेवरची वाफ टिपून घेते. पावसाळ्यात नुसता गारेगार झोत काचेवर सोडला, तर काच इतकी थंड होते की वाफ बाहेरच्या अंगाने धरू लागते. हे सगळे पाठ असूनही मी अंधारात झोताच्या दिशेचा नॉब फिरवला, पोहोचलो असे समजून थांबलो आणि हवा लागली ती पायांना. समोरचे वळण दिसेनासे झाले. शेजारी बसलेल्या बाबांनी हात पुढे केला, कट् कट् असे दोन आवाज झाले आणि काचेच्या तळापासून एक स्वच्छ पट्टी वर सरकू लागली.

"तोंडाच्या चित्रापासून काचेपर्यंत चार खटके," बाबा म्हणाले. "तू दोनच मोजलेस."

नॉबभोवतीची चित्रे दिसली असती, तर खटके मोजायची वेळच आली नसती. पण ती गेले वर्षभर दिसत नव्हती. आधी उजव्या नॉबमागचा दिवा गेला, दिवाळीच्या सुमारास डावा गेला आणि मधला होळीपर्यंत कसाबसा टिकला. "हाताला माहीत आहे, दिवा कशाला हवा?" असे बाबांचे म्हणणे होते आणि ते त्यांच्यापुरते खरेही होते, कारण ती गाडी त्यांनी २००३ साली घेतली तेव्हापासून बहुतेक तेच चालवत आले आहेत. मी मात्र ती महिन्यातून दोन-चार वेळाच हातात घेतो. त्या रात्री मुळशीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हाच मी ठरवले की हे काम आपल्याच हाताने करायचे.

गाडी चार दरवाजांची, जपानी आराखड्याची पेट्रोल सेडान आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पर्यावरण कर भरून आम्ही तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवली आणि ती मुदत संपल्यावर पुन्हा एकदा वाढवली. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये याच जातीचे दिवे आणि थोड्याफार फरकाने हीच मांडणी असे. रेडिओच्या खाली एक आडवी काळी पट्टी आणि तिच्यावर तीन गोल नॉब. डावा पंख्याच्या वेगाचा, मधला तापमानाचा आणि उजवा झोताच्या दिशेचा. नॉबांच्या भोवती पांढरी चित्रे, आकडे आणि निळी-तांबडी पट्टी छापलेली. दिवसा ही चित्रे बाहेरच्या उजेडात दिसतात; रात्री पार्किंग लाइट लावले की मागच्या दिव्यांचा प्रकाश त्याच चित्रांमधून पाझरतो आणि ती हिरवट दिसतात.

आधी मी बिघाड कुठे आहे ते नीट पाहून घेतले. पार्किंग लाइट लावल्यावर स्पीडोमीटर उजळत होता, रेडिओची बटणे उजळत होती आणि मंद-प्रखर करण्याची फिरकी फिरवली की दोन्हींचा प्रकाश कमी-जास्त होत होता. म्हणजे फ्यूज शाबूत होता आणि फिरकीही चालत होती. तिन्ही दिवे एकाच वेळी गेले असते, तर मी आधी तारेचा किंवा जोडणीचा दोष शोधला असता. पण ते एकामागून एक गेले होते आणि असे दिवे समांतर जोडलेले असल्याने एक गेला म्हणून दुसरा विझत नाही. थोडक्यात, तिघांचेही आयुष्य संपले होते. एकाच दिवशी कामाला लागलेले तिघे सहा महिन्यांच्या अंतरात निवृत्त झाले, यात काही विशेष नव्हते.

तरीही सोपा मार्ग आधी पाहावा म्हणून मी एका सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली. तिथल्या तरुणाने संगणकावर सुट्या भागांची यादी पाहून सांगितले की या पॅनलचे बल्ब सुटे येत नाहीत, पूर्ण पॅनल बदलावे लागेल आणि ते पॅनलही आता बनत नाही. आमच्या नेहमीच्या मेस्त्रींनी डॅशबोर्डकडे एकदा पाहिले आणि मान हलवली. "दादा, इंजिन उतरवायला सांगा, उतरवतो," ते म्हणाले. "पण वीस वर्षांचं हे प्लॅस्टिक मी उघडणार नाही. लॉक तुटला तर तुमचे बाबा मला रोज ऐकवतील." हा नकार मला प्रामाणिक वाटला. जाता जाता त्यांनी एक सल्लाही दिला, तो असा की हे काम सकाळच्या गारव्यात करू नये, गाडी तासभर उन्हात उभी करावी आणि प्लॅस्टिक कोमट झाल्यावरच हात घालावा. पुढे हाच सल्ला सर्वांत जास्त उपयोगी पडला.

बल्बसाठी मी नाना पेठेत गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने तिथे एकमेकांना खेटून आहेत आणि काउंटरवरच्या माणसाला वस्तूचे नाव सांगण्यापेक्षा वस्तू दाखवणे केव्हाही बरे. पण माझा बल्ब अजून गाडीतच होता. तो बहुधा टी-५ जातीचा असेल एवढाच माझा अंदाज होता. या बल्बना पितळी टोपी नसते. काचेचे चपटे बूड होल्डरमध्ये खुपसायचे असते आणि बाहेर दुमडलेल्या दोन बारीक तारा होल्डरच्या पत्र्यांना टेकतात. टी-नंतरचा आकडा म्हणजे काचेचा मिलिमीटरमधला व्यास, त्यामुळे टी-५ म्हणजे साधारण पाच मिलिमीटर. पार्किंगच्या दिव्यात असतो तो टी-१० याच घराण्यातला, पण दुप्पट जाड. दुकानदाराने मला टी-५ आणि त्याहून किंचित बारीक असलेला टी-४.२ असे दोन्ही दाखवले आणि मग हे दोन्ही बाजूला सारून एलईडीची एक पुडी पुढे केली. "साहेब, आता हे कोण लावतं? एलईडी न्या, पांढराशुभ्र उजेड पडेल, जन्मात बदलावा लागणार नाही." मला ते पटले. सहा एलईडी घेतले आणि असावेत म्हणून बारा व्होल्ट, १.२ वॉटचे तारेचे सहा साधे बल्बही घेतले. या दुसऱ्या खरेदीबद्दल मी आजही स्वतःची पाठ थोपटतो.

पुढच्या रविवारी दुपारी गाडी सोसायटीच्या आवारात उन्हात लावली. बॅटरीची ऋण बाजू दहा नंबरच्या पान्याने सोडवली. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत. ज्या गाडीत असतील तिथे बॅटरी सोडवल्यावर काही मिनिटे थांबून मगच डॅशबोर्डला हात लावायचा असतो. काही जुन्या रेडिओंना वीज तुटली की सांकेतिक आकडा मागण्याची खोड असते, तेवढे आधी पाहून ठेवलेले बरे. मग आजूबाजूच्या प्लॅस्टिकवर ओरखडे पडू नयेत म्हणून कडांना कागदी चिकटपट्टी लावली आणि गिअरच्या दांड्यावर जुना टॉवेल अंथरला. टॉवेलाचे कारण वेगळे होते. डॅशबोर्डमधून सुटलेला स्क्रू नेहमी गिअरच्या चामड्याखालीच जातो आणि तिथून तो काढणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

नॉब सरळ ओढले की निघतात, असे म्हणतात. दोन निघाले. मधला वीस वर्षांत एकदाही निघालेला नव्हता, त्यामुळे तो जागचा हलेना. पक्कड लावली असती तर त्याच्या कडेवर दात उमटले असते. शेवटी बुटाची नाडी नॉबच्या मागे गुंडाळली, दोन्ही टोके मुठीत धरली आणि हळूहळू ओढली, तेव्हा तो पॉक् असा आवाज करून हातात आला. त्याच्या मागे २००३ पासूनची धूळ पिठासारखी साचली होती. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. त्यांनी ती धूळ पाहिली आणि "ही सगळी चांदणी चौकाची," एवढेच म्हणाले.

नॉबांनंतर रेडिओभोवतीची चौकट आली. ती सहा लॉकांवर बसलेली असते आणि हे लॉक मागून कुठे आहेत ते बाहेरून दिसत नाही. स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा उलथना खालच्या कडेत घालून मी एकेका ठिकाणी हलका जोर देत गेलो. ऊन लागलेले प्लॅस्टिक थोडे वाकते, आवाज करते, पण तुटत नाही, आणि मेस्त्रींच्या सल्ल्याचा अर्थ मला तेव्हा कळला. सहापैकी पाच लॉक धड निघाले. सहावा आधीच तुटलेला होता आणि त्याच्या जागी कुणीतरी दुमडलेला पुठ्ठा बसवला होता. रेडिओ बसवणाऱ्याने केव्हातरी केलेली ती करामत असणार. पुठ्ठा मी जपून ठेवला आणि शेवटी त्याच जागी परत बसवला.

चौकट निघाल्यावर पॅनलचे चार स्क्रू दिसले. ते काढले, तरी पॅनल पुढे येते ते जेमतेम चार बोटे, कारण मागे दोन केबल अडवतात. या पद्धतीत तापमानाचा नॉब कोणत्याही मोटरला हुकूम देत नाही. तो स्वतः सायकलच्या ब्रेकसारखी एक तार ओढतो. तारेच्या दुसऱ्या टोकाला हवेच्या पेटीतली एक झडप असते आणि ती झडप गार हवा आणि हीटरवरून आलेली गरम हवा यांचे प्रमाण ठरवते. झोताच्या दिशेच्या नॉबालाही अशीच दुसरी तार असते. या तारांचे आवरण पॅनलच्या मागे एका चिमट्यात दाबून बसवलेले असते आणि ते नेमके कुठे दाबले आहे यावर झडप पूर्ण मिटते की नाही ते अवलंबून असते. मी बायकोची नखांना लावायची लाल बाटली मागून घेतली आणि सोडवण्याआधी दोन्ही आवरणांवर चिमट्याच्या कडेला एकेक रेघ ओढली. त्यातली एक रेघ पुढे पुसली गेली. त्याची शिक्षा काय झाली ते पुढे येईलच.

पॅनल उलटे केले आणि पाठीमागे तीन तपकिरी होल्डर दिसले, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढे, मधे स्क्रू ड्रायव्हरसाठी खाच असलेले. पाव वळसा दिला की ते मोकळे होतात. पहिला होल्डर बाहेर काढून मी उन्हात धरला. बल्बवर मोज्यासारखी एक हिरवी रबरी टोपी चढवलेली होती. ती बोटाच्या नखाने खालून सोलत काढली, तेव्हा आतली काच एका बाजूने काळपट चंदेरी झालेली दिसली. तारेतला टंगस्टन वर्षानुवर्षे उडत उडत काचेच्या आतून बसतो, त्याचा हा थर. भिंगातून पाहिले तर तार मधोमध तुटून तिचे एक टोक पापणीच्या केसासारखे लोंबत होते. होल्डरच्या जागी पॅनलच्या आतला पांढरा रंग वाटीच्या तळाएवढ्या वर्तुळात तपकिरी झाला होता. १.२ वॉट म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण वीस वर्षे एकाच ठिकाणी रोज रात्री ती ऊब लागत होती.

बल्ब इतके टिकले याचेच मला नवल वाटले. तारेच्या बल्बचे आयुष्य व्होल्टेजच्या, म्हणजे विजेच्या दाबाच्या, साधारण बाराव्या घाताने उतरते. दाब दहा टक्क्यांनी वाढला तर आयुष्य जवळपास एक-तृतीयांशावर येते. गाडी चालू असताना आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र, चौदा व्होल्टच्या आसपास देतो. आमच्या घरी स्पीडोमीटरचा उजेड डोळ्यांत जातो म्हणून बाबा फिरकी कायम अर्ध्यावर ठेवत आले आणि त्यामुळे या बल्बना पूर्ण दाब क्वचितच मिळाला. माझा हा तर्क मी बाबांना सांगितला. त्यांनी तो कौतुक म्हणून स्वीकारला.

आता एलईडी. पहिला बसवला, पेटला नाही. एलईडीला धन-ऋण बाजू असतात, त्यामुळे उलटा बसला तर तो पेटत नाही. बल्ब होल्डरमध्ये अर्धा फिरवून पुन्हा खुपसला की काम होते. म्हणून पॅनल बंद करण्याआधी बॅटरी तात्पुरती जोडून, पार्किंग लाइट लावून तिन्ही दिवे पाहून घेणे आवश्यक आहे. तीनपैकी दोन उलटे निघाले. ते सरळ केले, हिरव्या टोप्या त्यांच्यावर चढेनात म्हणून तशाच सोडून दिल्या, सगळे परत बसवले आणि संध्याकाळ होण्याची वाट पाहत बसलो.

रात्री साडेआठला आम्ही पौड रस्त्याने एक चक्कर मारली. दिव्यांचा पहिल्या दोन मिनिटांत मला जो आनंद झाला, तो तिसऱ्या मिनिटाला ओसरला. स्पीडोमीटर आणि रेडिओ मऊ हिरवे आणि त्यांच्या खाली एसीची पट्टी मात्र दवाखान्याच्या ट्यूबलाइटसारखी निळसर पांढरी. नॉबांच्या वरची चित्रे झगझगीत होती, पण कडेची चित्रे, म्हणजे नेमके पाय आणि काच यांची, जेमतेम दिसत होती. तारेचा बल्ब चहूबाजूंनी प्रकाश फेकतो, तो आतल्या पांढऱ्या रंगावर आपटून सगळीकडे पसरतो आणि त्या पॅनलची रचनाच तशा प्रकाशासाठी केलेली असते. माझे एलईडी सगळा उजेड टोकाकडून समोर फेकत होते. जिथे टोक, तिथे लख्ख, बाकी अंधार.

फिरकी अर्ध्यावर आणली, तर दुसरेच दुखणे निघाले. स्पीडोमीटर मंद झाला, पण एसीची पट्टी तशीच रोखून पाहत राहिली. घरी येऊन कागदावर हिशोब मांडला, तेव्हा कारण कळले. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने घटतो. बाराऐवजी आठ व्होल्ट मिळाले तर तो पाव भागावर येतो. एलईडीचे गणित वेगळे असते. पांढरा एलईडी स्वतःसाठी सुमारे तीन व्होल्ट घेतो आणि उरलेले त्याच्या जोडीच्या रेझिस्टरवर, म्हणजे प्रवाहाला रोध करणाऱ्या तुकड्यावर, पडतात. बारा व्होल्टला तिथे नऊ पडत होते, आठ व्होल्टला पाच पडणार; म्हणजे विद्युतप्रवाह आणि त्याबरोबर प्रकाशही पन्नास टक्क्यांच्या वरच राहणार. एक पाव झाला आणि दुसरा अर्ध्याहून जास्त उरला, की डोळ्यांना तो फरक खुपतो.

यावर उपाय म्हणून मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या. तपकीर गल्लीतून एक किलोओम आणि २.२ किलोओमचे रेझिस्टर आणले, ते एलईडीच्या मालिकेत जोडून पाहिले, एलईडीचे टोक काचकागदाने घासून खरखरीत केले आणि एका टोपीचा बळी देऊन ती त्याच्यावर ताणून बसवली. घासल्यामुळे प्रकाश थोडा पसरला, रेझिस्टरने मंदही झाला. पण रंग जमला नाही. तारेच्या बल्बमध्ये निळा प्रकाश मुळात फार कमी असतो, आणि ती हिरवी टोपी त्या पिवळसर उजेडाला हिरवा करण्यासाठी बनवलेली होती. एलईडीच्या पांढऱ्या उजेडात निळ्याचा मोठा वाटा असतो आणि तो टोपीतून बराचसा पार होत होता. जो रंग मिळाला, तो मोरचुदासारखा होता. ज्यांना सगळा डॅशबोर्डच एलईडीचा करायचा आहे, त्यांची गोष्ट वेगळी. एकाच पट्टीत एलईडी लावणे म्हणजे जुन्या धोतराला टेरिकॉटचे ठिगळ.

तिसऱ्या रविवारी पॅनल पुन्हा उघडले. या वेळी वीस मिनिटे लागली, कारण लॉक कुठे आहेत ते बोटांना कळले होते. साधे बल्ब बसवण्याआधी मल्टिमीटरने तपासावेत म्हणून एकाचा रोध मोजला, तर तो बारा ओमच्या आसपास दाखवू लागला. बारा व्होल्ट आणि १.२ वॉट म्हणजे ०.१ अँपिअर, म्हणजे रोध १२० ओम हवा. हा तर त्याच्या दशांश. दुसरा मोजला, तोही तसाच. दुकानदाराने काहीतरी भलतेच गळ्यात मारले असे वाटून मी क्षणभर वैतागलो आणि मग आठवले की थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनच्या दहाव्या हिश्शाइतकाच असतो. बल्ब ठीक होते.

टोप्यांचे काम मात्र नाजूक निघाले. एक मी प्रयोगात फाडली होती, उरल्या दोन, आणि बल्ब तीन. कोरड्या काचेवर रबर चढत नाही, जोर लावला तर फाटते. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून त्यात टोपी बुडवली, बल्बचे टोक तिच्या तोंडात ठेवले आणि दोन बोटांनी बाळाला मोजा घालावा तशी खाली ओढत नेली. चढवल्यावर बूड पुसून पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबलो. तिसऱ्या टोपीसाठी जुन्या बाजारात एका मोडीतल्या स्पीडोमीटरमधून दोन टोप्या मिळाल्या. विकणाऱ्याने आधी पूर्ण स्पीडोमीटरचे पैसे मागितले आणि मग नुसत्या टोप्या हव्यात हे कळल्यावर हसून दहा रुपयांत देऊन टाकल्या. त्यांचा हिरवा किंचित गडद आहे. ती टोपी मी डाव्या, म्हणजे पंख्याच्या नॉबमागे घातली, कारण पंख्याचा वेग कानांनाही कळतो.

पॅनल उघडेच होते म्हणून पंख्याच्या खटक्याचा जोडही काढून पाहिला. एका पिनेभोवती प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी झाले होते. पंख्याचा प्रवाह या दिव्यांच्या कित्येक पटींनी जास्त असतो आणि जोड सैल झाला की तिथेच उष्णता साठते. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्या, टोकदार पकडीने किंचित आवळल्या आणि जोड घट्ट बसवला. दिव्यांपेक्षा हे काम खरे म्हणजे जास्त महत्त्वाचे होते, पण ते काही कुणाला दिसणार नाही.

आणि मग केबल. पॅनल बसवले, नॉब चढवले, बॅटरी जोडली, दिवे लागले. गाडी सुरू करून एसी लावला तर हवा गार, पण नेहमीसारखी नाही. बाबांनी हात झोतासमोर धरला आणि सांगितले, "यात गरम मिसळतंय." मला ते आधी पटले नाही. तापमानाचा नॉब निळ्याच्या टोकाला होता खरा, पण तो तिथे टेकताना पूर्वी जो ठाम आवाज येत असे, तो येत नव्हता. लाल रेघ पुसली गेलेली केबल हीच होती. मी आवरण अंदाजाने चिमट्यात दाबले होते आणि ते पाच-सहा मिलिमीटर पुढे बसले होते. तेवढ्या फरकाने झडप पूर्ण मिटत नव्हती आणि हीटरवरून येणारी हवा फटीतून गार हवेत मिसळत होती. चौथ्यांदा पॅनल उघडले. नॉब निळ्याच्या टोकाला धरून ठेवायला बाबांना बसवले, मी खाली वाकून पेटीवरची झडप बोटाने पूर्ण मिटवून धरली, आणि त्या दोन्ही टोकांच्या मधे आवरण जिथे आपोआप स्थिरावले तिथेच चिमटा दाबला. लाल रेघेपेक्षा ही रीत कितीतरी भरवशाची आहे. पहिल्याच वेळी कुणी सांगितली असती, तर नखांच्या बाटलीवरून घरात जे ऐकावे लागले ते तरी टळले असते.

त्या रात्री आम्ही लवळ्याच्या बाजूला, रस्त्यावर दिवे नसतील अशा ठिकाणी गेलो. फिरकी बाबांच्या नेहमीच्या जागी, अर्ध्यावर. वर स्पीडोमीटर, मधे रेडिओ आणि खाली तीन नॉब, सगळे एकाच मंद हिरव्या रंगात. डावीकडचा जरा गडद आहे, पण तो माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. पायांचे चित्र दिसत होते, काचेचे दिसत होते आणि निळ्या-तांबड्या पट्टीचा मधला भाग, जिथे पावसाळ्यात नॉब ठेवायचा, तोही नीट दिसत होता. बाबांनी वाकून पट्टी पाहिली. बाविसाव्या वर्षी त्यांना शोध लागला की पंख्याच्या शून्यापाशी एक बारीक ठिपकाही आहे.

एक काम राहिले आहे. एसीच्या चौकोनी बटणात एक टिकलीएवढा दिवा असतो, एसी चालू आहे हे सांगणारा, आणि तोही गेलेला आहे. तो बल्ब होल्डरमध्ये नाही, बटणाच्या आतल्या पट्टीवर कथलाने जोडलेला आहे, आणि बटण फोडल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. पुढच्या रविवारी ते उघडून बघू का, असे मी परतताना विचारले. बाबांनी उत्तर न देता बटण दाबले. बॉनेटखाली टक् असा आवाज झाला, इंजिन क्षणभर दबले आणि पुन्हा सावरले.

"लागला," ते म्हणाले. "तेवढं राहू दे."